ठिगळ

तार्राफालच्या तुरुंगात मी झाडू मारते.
तुरुंग म्हणायचं नाही आता, स्मारक म्हणायचं,
असं एड्सन सांगतो. तो इथला वाटाड्या.
चार भाषांत एकच सुस्कारा टाकतो,
दिवसातून सहा वेळा, त्याच कोठडीसमोर.
आधी मी धूळ काढते, मग तो लोकांना आत नेतो.
धूळ समुद्रापलीकडच्या वाळवंटातून येते,
लाल पिठासारखी. तिला तिकीट लागत नाही.

माझी आई, बिबियाना, इथलं धुणं धुवायची.
साहेबांच्या चादरी वेगळ्या, कैद्यांचे सदरे वेगळे,
साबण एकच: मोगली एरंडाचा, काळपट,
हाताची सालटी काढणारा.
पाणी कोसभरावरून, डोक्यावर.
गाव म्हणायचं, जेलरच्या मिठाला जागते बया.
तिला वाचता येत नव्हतं,
म्हणून फाटकावर तिची झडती
कुणी मनापासून घेतली नाही.

एकदा अठ्ठावीस चादरी आल्या, सत्तावीस परत गेल्या.
हवालदारानं मोजल्या. पुन्हा मोजल्या.
चोरटी, म्हणाला, आणि महिन्याचा पगार कापला.
त्या महिन्यात आम्ही मका नुसत्या मिठाशी खाल्ला.
मी सात वर्षांची. विचारलं,
आई, चादर कुठं गेली?
वाऱ्यानं नेली.
वारा आमच्याकडे सगळंच नेतो. मी मानलं.
म्हणजे, निम्मं मानलं.
पुढं वयात आल्यावर, भांडताना, एकदा
मीही तिला हवालदाराचाच शब्द मारला.
ती काही बोलली नाही.
हातातला कपडा तेवढा पिळत राहिली.
कोरडा होता तो.

मग फाटक उघडलं.
माणसं माणसांच्या खांद्यांवरून बाहेर आली,
आई नाचली, टाचा फुटेस्तोवर नाचली,
आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली
शेवटच्या धुण्याचे पैसे मागायला.
कचेरीत कुणी नव्हतं.
एक बकरी होती, हजेरीपट खात उभी.

गेल्या बुधवारी काचेची नवी पेटी आली.
आत एक सदरा.
लुआंडाहून एक म्हातारा घेऊन आला, बर्नार्दु किसांगा,
विमानात मांडीवर ठेवून, लेकरासारखा.
पाठीवर, खांद्याखाली, तळव्याएवढं ठिगळ,
जाड, पांढऱ्या कापडाचं.
टाके मी ओळखले. डावखुऱ्या बाईचा टाका
उलट्या बाजूला कलतो,
माझे सगळे झगे तसेच कललेले होते.
आणि ठिगळाच्या कडेला, लाल दोऱ्यात,
धुण्याची खूण, कातरीत अर्धी गेलेली:
एक आठ.
एड्सन म्हणतो, नुसता आठ असेल, अठरा असेल,
सांगता येत नाही.
मला येतं.

किसांगा म्हणाला,
सदरे परत यायचे तेव्हा ठिगळ लागलेलं असायचं.
आम्ही मागितलेलं नसायचं.
आम्हाला वाटायचं, तुरुंगाचा नियमच असेल तसा.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावणार,
असं शहाणी माणसं म्हणतात.
आईनं आभाळाचा विचारच केला नव्हता.
खांद्याखाली फाटलं होतं.
तिथं लावलं.

संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या,
पाटीवर तुमच्या आईचं नाव घालू या.
घाला, म्हटलं.
आणि खाली लिहा, एका महिन्याचा पगार बाकी आहे,
शेवटच्या धुण्याचे पैसे वेगळे.
बाई हसल्या.
काचेवर म्हाताऱ्याच्या पाच बोटांचे ठसे उठले होते.
मी फडकं भिजवायला गेले.